वाक्यं छोटी आहेत म्हणून भाषा कच्ची?

"मॅडम, बोलतो तो. पण सगळं तुटक तुटक. तीन शब्दांच्या पुढे वाक्यच जात नाही." असं सांगून एका मुलाची आई असलेल्या ताईंनी माझ्यापुढे एक वही ठेवली. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. आपण त्याला वेदांत म्हणू (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत). वहीत त्याची वाक्यं लिहिली होती आणि प्रत्येकापुढे शब्दांची संख्या. खेळलो, १. पोळी-भाजी, १. मला नको जायला, ३. पाच वर्षांचं मूल पाच-सहा शब्दांची वाक्यं बोलतं, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं. शाळेतून सल्ला मिळाला होता की घरी इंग्रजीच बोला. घरात आजी होत्या. त्या नातवाशी मराठीतच बोलत, म्हणून त्यांच्यावरही बोल येऊ लागले होते.

मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे आणि ही काळजी घेऊन येणारे पालक मला सतत भेटतात. म्हणून वेदांतच्या वेळी काय केलं आणि का केलं, ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट श्रवणचाचणी. ती नीट आली. त्यानंतर मी भाषेचा नमुना घेते. म्हणजे मुलाचं मोकळं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, जसंच्या तसं उतरवून काढायचं आणि मग मोजायचं. अडखळणं, अर्धवट सोडलेली सुरुवात, "मग तो... मग तो मुलगा" अशी पुनरुक्ती कंसात टाकायची. ती मोजणीत घ्यायची नाही.

मोजायचं काय, हा खरा प्रश्न. वाक्याची सरासरी लांबी मोजण्याची पद्धत रुजली ती मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांच्या १९७३च्या पुस्तकामुळे. अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा या तीन अमेरिकी मुलांच्या बोलण्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. अगदी लहान वयात हे माप उत्तम चालतं. पण मूल चारेक वर्षांचं झालं की लांबी फारसं काही सांगत नाही. त्यानंतरची वाढ शब्दांच्या संख्येत कमी आणि वाक्यं एकमेकांत गुंफण्यात जास्त दिसते. संशोधक केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये चौथी, आठवी आणि बारावीच्या अमेरिकी मुलांचं लेखन तपासताना एक एकक ठरवलं: एक प्रधान वाक्य आणि त्याला जोडलेली सगळी गौण वाक्यं मिळून एक. वॉल्टर लोबन या संशोधकांनी तोंडी भाषेसाठी त्याच्या जवळचाच प्रकार वापरला. एकूण उपवाक्यांना या एककांच्या संख्येने भागलं की वाक्यरचना किती गुंतागुंतीची आहे त्याचा अंदाज येतो. सगळी वाक्यं साधी असतील तर उत्तर १.

आता ताईंच्या वहीकडे या. "शाळेत काय केलंस?" "खेळलो." "डब्यात काय होतं?" "पोळी-भाजी." याहून मोठं उत्तर कुणी का द्यावं? आपण मोठी माणसंही देत नाही. प्रश्नच एका शब्दात उत्तर देण्यासारखा होता. ज्या उत्तरात क्रियापदच नाही, ते या मोजणीत धरतही नाहीत.

म्हणून गप्पांनंतर मी वेदांतला त्याच्या आवडीचा खेळ समजावून सांगायला लावलं. "मला डबा ऐसपैस येत नाही, शिकव ना," एवढंच म्हटलं आणि थांबले. तो आधी चित्रं असलेल्या खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला:

"ज्याच्यावर राज्य असतं ना, तो डबा आणायला जातो. तो येईपर्यंत आपण लपायचं. त्याला कोणी दिसलं तर तो नाव घेऊन ऐसपैस म्हणतो. पण आपण जर मागून डब्याला लाथ मारली तर त्याच्यावर परत राज्य येतं."

ताई बघतच राहिल्या. घरात त्याला असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

हीच चार वाक्यं मोजून दाखवते. पूर्ण क्रियापद असलेली उपवाक्यं पाहिली तर पहिल्यात दोन, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात दोन. एकूण सात, भागिले चार, म्हणजे १.७५. पण मराठीची अर्धी गुंफण पूर्ण क्रियापदांत नसतेच. "आणायला", "येईपर्यंत", "नाव घेऊन" ही रूपं एकेक अख्खी घटना वाक्यात आणतात. तीही धरली तर दहा भागिले चार, म्हणजे २.५. शाळेच्या व्याकरणात "घरी जाऊन जेवलो" हे केवल वाक्य, कारण क्रियापद एकच. मुलाच्या डोक्यात मात्र दोन घटना एकामागून एक लावलेल्या असतात. म्हणून मी दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवते. इंग्रजीचे नियम जसेच्या तसे लावून फक्त पहिला आकडा धरणं हा मराठी मुलांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

शब्द मोजण्यातही तोच अन्याय होतो. "शाळेत बाकावर बसलेला मुलगा" हे चार शब्द. इंग्रजीत यालाच दहाएक शब्द लागतात, कारण आपल्याकडे विभक्ती शब्दाला चिकटते. शिवाय "गेलो, बसलो" म्हटलं की "मी" वेगळा सांगावा लागत नाही. इंग्रजी मुलांसाठीचा पाच-सहा शब्दांचा आकडा वेदांतच्या वहीशेजारी ठेवायचा नव्हताच.

मुलं कोणत्या विषयावर बोलतात त्यावर हे आकडे फार हलतात. भाषा-संशोधक मॅरिलिन निप्पोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुलं, किशोरवयीन आणि प्रौढ यांच्या बोलण्याची तुलना केली. साध्या गप्पांपेक्षा आवडता खेळ समजावताना सगळ्यांचीच वाक्यं जास्त गुंतागुंतीची होतात, असं त्यांना दिसलं. फक्त गप्पांवरून निष्कर्ष काढू नये तो यासाठीच.

वेदांतला थेरपीची गरज नव्हती. चित्रांवरून गोष्ट सांगताना पात्राला काय वाटलं, त्याने तसं का केलं, हे तो सोडून देत होता. "त्याला वाटलं की", "म्हणून" अशी वाक्यं तिथे कमी होती. त्यावर घरीच काम करता येतं, आणि ते काम आजींकडे सोपवावं असं मी सुचवलं. घरातली मराठी बंद करायची नाही, हे ताईंना स्पष्ट सांगितलं. गुंतागुंतीचं बोलायला मूल त्याच भाषेत शिकतं जी त्याच्याशी भरभरून बोलली जाते. तो पाया इंग्रजीलाही उपयोगी पडतो.

घरी काय करायचं? "पूर्ण वाक्यात बोल" असं म्हणू नका. मूल म्हणालं, "पाऊस आला. आम्ही पळालो," तर आपण म्हणायचं, "अच्छा, पाऊस आला म्हणून तुम्ही पळालात!" एवढंच. परत म्हणवून घ्यायचं नाही. "काय" कमी विचारा. "कसं", "का", "नसतं तर काय झालं असतं" हे जास्त विचारा. आणि विचारल्यावर थांबा. उत्तर जुळवायला मुलाला वेळ लागतो आणि आपण नेमके तेव्हाच पुढचा प्रश्न टाकतो.

याच्या उलट अनुभव सात वर्षांच्या एका मुलीचा. ती अखंड बोलायची. घरी कौतुक होतं, शब्द मोजले तर वाक्यं लांबलचक. उतरवून काढल्यावर दिसलं ते असं: "मग तो गेला आणि मग तो आला आणि मग कुत्रा आला आणि मग ते पळाले." दर "आणि मग" ला तोडलं की प्रत्येक तुकडा साधा. खेळ समजावतानाही उत्तर १च्या फारसं पुढे गेलं नाही. तिच्या बाबतीत मात्र मी लगेच सविस्तर तपासणी सुरू केली. तिला विकासात्मक भाषा विकार होता, म्हणजे भाषा शिकण्यात आणि वापरण्यात टिकून राहणारी अडचण. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण १०० पैकी ७ मुलांमध्ये तो आढळला आहे, आणि बडबड्या मुलांत तो सहज झाकला जातो. तिची थेरपी चालू आहे. "ज्याने... तो" आणि "जर... तर" तिच्या बोलण्यात आता येऊ लागले आहेत.

पाच वर्षं उलटून गेलेलं मूल कोणत्याही विषयावर, अगदी आवडत्या खेळावरही, एकेरी वाक्यांच्या बाहेर जात नसेल, दोन भागांची सूचना त्याला समजत नसेल, परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल किंवा येत असलेलं बोलणं कमी झालं असेल, तर वाट पाहू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाचा-भाषा तज्ज्ञांना भेटा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत ही तपासणी होते. जाताना मुलाने एखादा खेळ समजावून सांगितल्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर घेऊन जा. शब्द मोजलेल्या वहीपेक्षा त्यातून तज्ज्ञाला कितीतरी जास्त कळेल.