जुन्या एलईडी घड्याळात नवे सेल घालूनही अंक मंद का दिसतात? कोणते सेल घालावेत?

सेल नवे असतील तर डिस्प्लेच गेला, असा निर्वाळा आपल्या घड्याळजींनी दिल्याचे आपण प्रश्नात लिहिले आहे. ते वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य माझ्या थोरल्या बंधूंनी मला अनेक वर्षे ऐकवले आहे.

माझे काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. 1972 साली हॅमिल्टन कंपनीचे पहिले पल्सर हे एलईडी घड्याळ सोन्याच्या कवचात 2100 डॉलरला विकले गेले होते. पण 1976 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने प्लॅस्टिकचे एलईडी घड्याळ 20 डॉलरवर आणले आणि ही चैन खलाशांच्याही आवाक्यात आली. त्यानंतर वर्षभराने काकांनी वडिलांसाठी असे एक घड्याळ आणले. काळपट लाल काचेत एरवी काहीच दिसत नसे. कळ दाबली की अंक पेटत आणि क्षणात विझत. वडील त्यात वेळ पाहण्यापेक्षा ती इतरांना दाखवण्यातच अधिक रमत.

वडील गेल्यावर घड्याळ बंधूंकडे गेले. त्यांनी पदपथावरून एलआर44 या अल्कलाइन बटण सेलची दहाची पट्टी आणली, दोन सेल घातले, आणि अंक विझत्या निखाऱ्यासारखे दिसू लागले. मल्टिमीटरवर प्रत्येक सेल दीड व्होल्ट दाखवतो, तेव्हा दोष घड्याळाचाच, असे ठरवून त्यांनी ते कपाटात टाकले. त्याआधी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती: 11:11 वाजता अंक बऱ्यापैकी वाचता येत, पण 10:08 ला ते जवळजवळ दिसेनासे होत. 11:11 साठी अंक घडवणाऱ्या आठ प्रकाशपट्ट्या पेटतात, 10:08 साठी एकवीस. डिस्प्लेच थकला असता तर त्याने वेळ पाहून मंद होण्याचे कारण नव्हते. वाढलेला भार सेलला पेलत नव्हता.

पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत घड्याळ माझ्या हाती आले. मागचे झाकण उघडून, मीटर लावून मी कळ दाबली. स्वस्थ असताना तीन व्होल्ट दाखवणारी ती जोडी 2.4 वर घसरली. लाल एलईडीलाच 1.6–1.7 व्होल्ट लागतात, म्हणजे प्रवाह पुढे ढकलायला उरणारा विद्युतदाब (व्होल्टेज) निम्म्यावर आला. नंतर 357 क्रमांकाचे, म्हणजे एसआर44डब्ल्यू हे सिल्व्हर ऑक्साइड सेल घातले आणि दिवसाउजेडी अंक लख्ख दिसले. अल्कलाइन सेलचा दाब वापरागणिक उतरत जातो. सिल्व्हर ऑक्साइडचा मात्र जवळजवळ शेवटपर्यंत 1.55 व्होल्टच्या आसपास टिकतो. त्यामुळे एलआर44 मापात बसतो म्हणून चालतो, हे मत मला साफ अमान्य आहे.

दुकानदार 303 क्रमांकाचा सेल पुढे करील, तोही घेऊ नका. माप तेच, रसायनही सिल्व्हर ऑक्साइडच, परंतु तो काट्यांच्या घड्याळासारख्या अल्प प्रवाहासाठी बनवलेला असतो. आमच्या घड्याळाचा डिस्प्ले पेटला की सुमारे 30 मिलिअँपिअर प्रवाह ओढतो. सतत पेटता ठेवला तर 357 ची जोडीही पाच-सहा तासांत संपेल. कळ ठेवण्यामागचे कारण हेच.

अर्थात, हे सारे दीड व्होल्टचे दोन सेल घेणाऱ्या घड्याळांपुरते आहे. काहींना कमी जाडीचा 386 लागतो, तेव्हा आधी माप पाहावे. उजेड वाढावा म्हणून त्या जागी तीन व्होल्टचे दोन लिथियम सेल बसवणे म्हणजे आतील चिप जाळण्याची तयारी करणे होय. शिवाय पल्सरसारख्या घड्याळांत भोवतालचा प्रकाश पाहून उजळपणा आपोआप कमी-जास्त होतो. खोलीत अंक मंद वाटले तर एकदा उन्हात नेऊन पाहावे.

संपर्कपट्ट्या घासल्यामुळेच अंक उजळले, असे बंधूंचे आजही म्हणणे आहे. पट्ट्या मी घासल्या होत्या, हे खरे आहे. परंतु त्याच घासलेल्या पट्ट्यांवर मी जुने एलआर44 पुन्हा बसवले तेव्हा अंक पुन्हा मंदावले, आणि ते पाहायला बंधू थांबले नाहीत.