रिपोर्टवरचं नाव झाकूनही ओळख कुठून फुटते

आईचा बायोप्सी रिपोर्ट नाव काळं करून ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत नात्यातून चौकशीचे फोन सुरू झाले, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरानेही हा ताप भोगलाय, म्हणून सविस्तर लिहिते. पोस्ट तुम्ही काढली असेलच.

बघा, कोपऱ्यात क्यूआर कोड राहिलाय का. काही लॅबचे कोड स्कॅन केले की पासवर्ड न विचारता मूळ रिपोर्ट उघडतो, नावानिशी. तो नसला तरी नमुना क्रमांक आणि यूएचआयडी (रुग्णालयाने दिलेला रुग्ण क्रमांक) असतात, बहुधा प्रत्येक पानावर. वर 'रेफर्ड बाय' आणि नमुना घेतल्याची तारीख. तालुक्याच्या गावात डॉक्टर, तारीख आणि वय एवढ्यावर माणूस सापडतो. फोनमधलं काळं मार्करही फसवं असतं, ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं दिसू शकतात. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली असेल तर खालचा मजकूर सरळ कॉपी होतो.

पोस्ट काढली तरी क्यूआर कोडमागची लिंक चालूच राहते, कारण रिपोर्ट लॅबच्या सर्व्हरवर आहे. आम्हाला सगळ्यात जास्त छळलं ते इथे. काउंटरवर 'सिस्टीममध्ये तशी सोय नाही', फोनवर 'मेल करा', आणि मेलला उत्तर नाही. तोंडी बोलण्यात वेळ घालवूच नका. पॅथॉलॉजिस्टच्या नावे लेखी अर्ज द्या, रिपोर्टवर सही त्यांची असते. बिल क्रमांक, नमुना क्रमांक आणि 'ऑनलाइन लिंक निष्क्रिय करावी' ही एकच मागणी. खाली सही आईची, तुमची नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मी वकील नाही, पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर फार विसंबू नका. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.

पुढच्या वेळी फोटो टाकूच नका, टाइप करा. निदानाची शेवटची ओळ, ग्रेड, ईआर, पीआर, हर-टू (स्तनाच्या कर्करोगात गाठीवर करतात त्या तपासण्या) आणि वय 'साठीच्या आसपास'. रक्ततपासणी असेल तर आकड्यासोबत एकक आणि त्याच लॅबची संदर्भ मर्यादा लिहा, नाहीतर सांगणारा चुकीचं सांगेल. अर्थात स्लाइड न बघता दिलेलं मत शेवटी अंदाजच. खरं दुसरं मत हवं असेल तर लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या.

आणि आईला विचारलं होतं का? टोचेल, पण विचारतेच. बीआरसीएसारखी, म्हणजे कर्करोगाचा आनुवंशिक धोका बघणारी, जनुकीय तपासणी पुढे झाली तर तिच्या एकटीच्या होकारानेही भागत नाही. तो रिपोर्ट मावशी, बहीण, भाची यांच्याबद्दलही बोलतो, आणि आपल्याकडे लग्न जुळवताना लोक काय काय उकरतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

जाता जाता, रक्तासाठी मेसेज टाकाल तेव्हा रुग्णाचं नाव आणि आजार लिहायची गरज नसते. रक्तगट, रक्तपेढी, एक फोन नंबर आणि 'अमुक तारखेपर्यंतच' एवढं पुरतं. तारीख नसलेले मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात.