बायपासनंतर हललं तर टाके सुटतील का?

“बायपास होऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे, पण हे दिवसभर आरामखुर्चीत बसून असतात. हललं की टाके तुटतील म्हणतात. धाकटे दीर सांगतात, कपालभाती सुरू करा, नळ्या मोकळ्या होतील. मुलगा म्हणतो, काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. आम्ही कुणाचं ऐकायचं?”

सांगलीकडच्या एका काकूंचा हा प्रश्न. शब्द बदलतात, पण बायपास झालेल्या निम्म्या-अधिक घरांतून हाच प्रश्न येतो. काकांचं वय ६१, मधुमेह आहे, साखर कारखान्यातून निवृत्त. ते समोर येऊन बसले तेव्हा डावा पंजा छातीवर चिकटवलेला, दोन्ही खांदे पुढे ओढलेले, हनुवटी खाली. श्वास घेताना पोट हलत नव्हतं, फक्त गळ्याजवळची हाडं वर-खाली होत होती. काकू बोलत असताना त्यांनी तो हात एकदाही काढला नाही.

अशा वेळी आसनांच्या आधी हाडाबद्दल बोलावं लागतं. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी घट्ट बांधतात. त्या तारा आत कायमच्या राहतात. वरचे टाके कातडीचे असतात, हाड त्यांच्यावर अवलंबून नसतं. हाड धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पक्कं व्हायला तीन महिने. मधुमेह, तंबाखू आणि जास्त वजन असेल तर थोडं अधिक. या काळात हाडाला धोका असतो तो ओढाताणीचा: एका हातात भरलेली बादली, पलंगाचा कठडा धरून स्वतःला वर खेचणं, अडकलेलं दार जोरात ढकलणं. चालण्याने, खोल श्वासाने किंवा कोपर अंगाजवळ ठेवून हात हलवण्याने हाड सुटत नाही. काकांनी नेमकं उलटं केलं होतं. चालणं बंद, पण पलंगावरून उठताना दोन्ही हातांनी कठडा धरून जोर लावायचे.

मग दोन गोष्टी त्यांनी काकूंनाही सांगितल्या नव्हत्या, त्या बाहेर आल्या. छातीची डावी बाजू बधिर लागते आणि मधूनच आग होते. आणि डाव्या हाताची करंगळी व शेजारचं बोट झिणझिणतं. काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हृदय पुन्हा बिघडतंय आणि पक्षाघात सुरू झालाय. छातीच्या आतल्या भिंतीवरची रक्तवाहिनी काढून हृदयाला जोडतात तेव्हा तिथल्या बारीक नसा दुखावतात, म्हणून ती बाजू कित्येक महिने बधिर राहू शकते. ऑपरेशनच्या वेळी हाड फाकवून ठेवतात, त्यात खांद्याकडून हाताला जाणाऱ्या नसा ताणल्या जातात, म्हणून ती दोन बोटं झिणझिणतात. बहुतेकांचं ते हळूहळू जातं. सर्जनना दाखवून खात्री करून घ्यायला सांगितलं. काकांच्या बाबतीत त्यांनीही हेच सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा छातीवरचा हात मांडीवर आला.

कपालभातीबद्दल दिरांना वाईट वाटणार नाही असं, पण स्पष्ट सांगणं भाग होतं. श्वासाने नळीतला अडथळा निघत नाही. उलट पोटाच्या झटक्यांनी छातीतला दाब एकदम वाढतो, ताजं हाड हादरतं, रक्तदाब वर-खाली होतो. भस्त्रिका नको, श्वास रोखून धरणं नको. हलासन, सर्वांगासन, अधोमुख श्वानासन, भुजंगासन, धनुरासन आणि सूर्यनमस्कार पहिले तीन महिने तरी नकोत; पुढेही हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावरच. शौचाला कुंथणं हाही श्वास रोखण्याचाच प्रकार. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यासाठी असतं, ते लाजून टाळू नये.

मग योग करायचाच कशाला? भारतातल्या २४ रुग्णालयांत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर ‘योगा-केअर’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. योग करणारा गट रोजच्या कामांवर अधिक चांगला परतला आणि त्यांना स्वतःची तब्येत बरी वाटू लागली. पुन्हा अटॅक, मृत्यू वगैरे घटनांत मात्र ठोस फरक दिसला नाही. तो अभ्यास बायपासवाल्यांचा नव्हता, तरी अपेक्षा कुठे ठेवावी हे त्यातून कळतं. अंगावरचा विश्वास आणि रोजची कामं परत मिळतात. गोळ्या मात्र एकही सुटत नाही.

सुरुवात करण्याआधी सर्जनकडून चार गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: हाड घट्ट आहे का, हृदयाची पंपिंग किती टक्के आहे, ठोके अनियमित आहेत का, किती वजन उचलायचं. काकांना उत्तर आलं: हाड घट्ट, पंपिंग ५० टक्के, ठोके नियमित, २ किलोच्या वर काही उचलायचं नाही. हा कागद नसेल तर योगशिक्षकानेही हात घालू नये.

खुर्ची लाकडी, पाठ भिंतीला टेकवलेली, प्लॅस्टिकची सरकते. तळवे जमिनीला पूर्ण टेकत नसतील तर खाली घडी घातलेली चादर. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, लोड आणि पट्टे घेऊन आजारी माणसांना आसनं शिकवली. म्हणून खुर्चीत बसून केलं तर तो अर्धा योग, असं समजू नये. वेळ सकाळची, नाश्त्यानंतर दीड-दोन तासांनी. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी कधीच नाही.

पहिला आठवडा फक्त श्वास. उजवा हात पोटावर, नाकाने तीन आकडे मोजत श्वास आत, चार-पाच मोजत बाहेर. असे ८ ते १० श्वास, दिवसातून तीनदा. काकांना पोट फुगतच नव्हतं. काकूंनी त्यांच्या पाठीवर, खालच्या बरगड्यांवर दोन्ही तळहात नुसते ठेवले आणि “माझे हात बाजूला सरकवा” असं म्हटलं. चौथ्या श्वासाला हात सरकले. भीतीने श्वास वरवर राहिला की फुप्फुसाचा तळ उघडत नाही, कफ साठतो, खोकला येतो, खोकल्याने छाती दुखते आणि माणूस आणखी वरवर श्वास घेतो. रुग्णालयातून दिलेलं तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर याचसाठी असतं. काकांचं कपाटावर पडून होतं, ते खाली काढलं. खोकताना टॉवेलची घट्ट गुंडाळी छातीशी मिठीत धरायची. शेवटी भ्रामरी पाच वेळा, पण कान न झाकता, हात मांडीवर ठेवून. कान झाकायला कोपर वर गेली की छातीवर ताण येतो, आणि गुणगुणण्याने श्वास लांबतो तो काही कानांमुळे नाही.

दुसऱ्या आठवड्यात घोटे वर-खाली २० वेळा. बायपाससाठी बहुधा पायाची शीर काढलेली असते, सूज त्या पायाला येते, म्हणून एरवीही बसताना पाय स्टुलावर. मग एकेक गुडघा सरळ करणं, पाच-पाच वेळा. खांदे लहान गोलात मागे फिरवणं पाच वेळा, कोपर बरगडीजवळ. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं: खुर्चीतून उठणं. पावलं थोडी मागे, टॉवेल छातीशी, पुढे झुकायचं आणि श्वास सोडत पायांच्या जोरावर उभं राहायचं. सुरुवातीला तीनदा, मग पाचदा. हे आसन पुस्तकात सापडणार नाही, पण कठडा धरून खेचायची सवय यानेच सुटली.

शवासनात सपाट झोपलं की छाती ताणते, म्हणून डोक्या-पाठीखाली दोन-तीन उशांचा उतार, गुडघ्यांखाली लोड, दहा मिनिटं. उठताना गुडघे वाकवून, उशी मिठीत घेऊन कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग बसायचं. बसून एक मिनिट थांबायचं. नेमकं इथेच चुकलं. दहाव्या दिवशी काका रक्तदाबाची गोळी घेऊन लगेच शवासनात गेले आणि दाराची बेल वाजली म्हणून ताडकन उठले. डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरली म्हणून पडले नाहीत. घरात पुन्हा “नको तो योग” सुरू झालं. दोष योगाचा नव्हता. गोळीने आधीच उतरलेला दाब झटकन उठल्यावर आणखी उतरला. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. काकूंनी सरावाच्या वेळेपुरती बेल बंद ठेवली.

दुसरी चूक टीव्हीमुळे. समोरचे गुरुजी दोन्ही हात डोक्यावर नेत होते, काकांनीही नेले. रात्रभर खांदा आणि छाती ठणकली. हाड सरकलं नव्हतं, स्नायू दुखावले होते. खोकताना किंवा कुशीवर वळताना छातीच्या मध्यावर हाडं एकमेकांवर घासल्यासारखी टक् टक् वाजली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं तरीही फोन करायचा, ते पाणी साठल्याचं लक्षण असतं. छातीवर दडपण, थंड घाम, श्वास पुरेनासा होणं, असं काही झालं तर योग तिथेच सोडून १०८ला फोन.

किती दमायचं, याला नाडी मोजून उपयोग नाही. मेटोप्रोलॉलसारखं ठोके मंद ठेवणारं औषध चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत आणि माणूस फसतो. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम पुरे. काकांचं चालणं पाच मिनिटांपासून सुरू झालं, दिवसातून तीनदा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवलं.

एक गोष्ट उशिरा कळली. काका मालिका बघताना रडायचे आणि मग चिडायचे. बायपासनंतर हे बऱ्याच जणांचं होतं आणि घरचे त्याला हट्टीपणा समजतात. भ्रामरी आणि चालण्याने झोप सुधारली, पण उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. योगावर भागवून हे टाळलं असतं तर काकांचं नुकसान झालं असतं.

ऑपरेशननंतरच्या बाराव्या आठवड्यात तपासणी झाली, होकार मिळाला. मग खुर्चीची पाठ धरून ताडासन, टाचा वर-खाली, हात आधी खांद्यापर्यंत आणि पंधरा दिवसांनी डोक्यावर, एका वेळी एक. ज्या सकाळी काकांनी उजवा हात उचलून स्वतःचा भांग पाडला, ते काकूंनी फोन करून सांगितलं.

आता काकांचा प्रश्न आहे की गॅसचा सिलिंडर सरकवू का आणि स्कूटर कधी काढू. सिलिंडरला इतक्यात हात लावायचा नाही. तो भरलेला जवळपास ३० किलोचा असतो. स्कूटरचं सर्जनना विचारा. त्यांनी हो म्हटलं तरी आधी खड्डे नसलेला रस्ता, अर्धा किलोमीटर, आणि किक मारायची नाही, बटणाने सुरू करायची.