शिंपल्यावरचे गोल भोक

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर वेचलेल्या तिसऱ्यांच्या बऱ्याच शिंपल्यांना एकच गोल भोक आढळले. ते कशाने पडते?

उत्तर : हे बहुधा नॅटिका कुळातील शिकारी गोगलगायीचे काम असते. रुंद पायाने वाळूखाली नांगरत जाणारी ही गोगलगाय तिसरी सापडताच तिला पायात कवटाळते, आम्लयुक्त स्रावाने कवच मऊ करत दातेरी जिभेने ते तासन्‌तास खरवडते आणि पडलेल्या छिद्रातून सोंड घालून आतले मांस खाते. ते भोक भिंगातून अवश्य पाहावे : बाहेरून रुंद, आत निमुळते, जणू सुताराने स्क्रूचे डोके बसवण्यासाठी कोरलेले. तिचा स्वतःचा शंख मात्र गोलसर आणि चकचकीत असतो. ओहोटीला दिसणारी वाळूची वळलेली कॉलर म्हणजे तिची अंडी. ती कृपया उचलू नये.