टिंगल कोणाची?

प्रश्न : माझे वडील सैन्यातून निवृत्त झाले असून त्यांच्या नोकरीची शेवटची वर्षे महूच्या छावणीत गेली. वुडस्टॉक या अमेरिकेतील संगीत महोत्सवावरच्या चित्रपटातील गायक कंट्री जो मॅकडॉनल्ड यांचे व्हिएतनाम युद्धावरचे गाणे ऐकून ‘पोरगा शवपेटीतून घरी येतो, त्यात हसण्यासारखे काय आहे?’ असे म्हणत ते उठून गेले. या गाण्यात सैनिकांची टिंगल आहे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या वडिलांना लागलेला बोल मला समजतो. मात्र हे गाणे लिहिणारा माणूसही गणवेशात राहिलेला होता. १९४२ साली जन्मलेल्या मॅकडॉनल्ड यांचे ‘जो’ हे नाव साम्यवादी आईवडिलांनी सोव्हिएत नेता जोसेफ स्टॅलिनवरून ठेवले होते. तरीही ते सतराव्या वर्षी अमेरिकी नौदलात भरती झाले आणि जपानमध्ये तैनात होते. पुढे १९६५ मध्ये, अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या व्हिएतनाममध्ये उतरू लागल्या त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील बर्कलीत त्यांनी हे गाणे रचले.

त्याची कडवी एकेक करून ऐका. पुस्तके टाकून बंदूक उचलायला निघालेली पोरे, लढाईसाठी आसुसलेले सेनापती, युद्धावर पैसा करणारे वॉल स्ट्रीटचे धनिक, आणि शेवटी आईबाप, ज्यांना आपला मुलगा गल्लीत सर्वांआधी पेटीतून परत आणण्याचे आवाहन, जणू एखादी जाहिरात असावी तशा उत्साहाने, केले जाते. टिंगल आहे ती पाठवणाऱ्यांची. चाल रॅगटाइम या जुन्या, ठेकेदार अमेरिकी संगीतप्रकाराची, पाय आपोआप ठेका धरतील अशी; आपल्या भारुडात हसता हसता मध्येच काळजात कळ उठते, तसेच येथे होते.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी ते वुडस्टॉकच्या मंचावर एकटेच उभे राहिले, उसनी गिटार पट्ट्याऐवजी दोरीने गळ्यात अडकवून. लोक दाद देईनात, तेव्हा त्यांनी मधेच थांबून, इतके मरगळलेले गाऊन युद्ध कसे थांबवणार, अशी कानउघाडणी केली आणि बसलेला जमाव उठून गाऊ लागला. त्याआधी त्यांनी जमावाकडून वदवून घेतलेली शिवी मला आजही खटकते, कारण तिच्या गोंगाटात शेवटच्या कडव्यातले दुःख अनेकांच्या कानी पोहोचतच नाही.

वडिलांना मॅकडॉनल्ड यांचा १९७१ चा ‘वॉर वॉर वॉर’ हा संग्रह ऐकवावा. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवलेल्या रॉबर्ट सर्व्हिस या कवीच्या कवितांना त्यात चाली दिल्या आहेत. तेथे खंदकातला शिपाई स्वतः बोलतो आणि कोणी हसत नाही.