दुभाषी व्हायचंय, पण नोकरी कुठे आहे?

पत्र नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरून आलंय. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बांधाच्या भांडणात मावशीला मारहाण झाली, केस कोर्टात गेली. साक्षीच्या दिवशी वकील मराठीत विचारत होते, मावशी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, अडखळत होती. उलटतपासात तर कशाला 'हो' म्हटलं हेच तिला उमगलं नाही. हिला आता कोर्टात दुभाषी व्हायचंय. वडील म्हणतात, बी.एड. कर.

वडिलांचं आधी. बी.एड. वाईट नाही, पण शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडे डोळे लावून बसलेली पोरं तुमच्याही तांड्यावर असतील. मन दुसरीकडे असताना त्या रांगेत उभी राहू नकोस.

मात्र दुभाषाचं काम म्हणजे पगाराची नोकरी, असं धरून चालू नकोस. हायकोर्टात भाषांतरकार आणि दुभाषी अशा जागा निघतात, त्या इंग्रजी-मराठीच्या. गोरबोली, कोलामी, गोंडी यांची गरज पडली की कोर्ट जाणकार माणूस बोलावतं, खरं भाषांतर करीन अशी शपथ देतं आणि काम संपलं की तो घरी जातो. त्यावर घर चालत नाही.

म्हणून माझं सरळ मत: वकील हो आणि गोरबोली सोबत ने.

कारण अडचण नुसत्या भाषेची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच होतं) आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. साक्षीदाराची नोंदवलेली साक्ष त्यालाही समजेल अशी वाचून दाखवावी लागते. पण साक्ष देऊन मागच्या बाकावर बसलेल्या पीडितेला पुढचं कामकाज कोण समजावणार? तिथे कलम गप्प आहे. कायद्यानं तिला दिलंय बरंच: एफआयआरची मोफत प्रत, ९० दिवसांत तपासाची माहिती, सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील, आरोपी सुटला तर अपील. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं लखीमपूर खेरी प्रकरणात (आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी घातल्याचं) पीडितांचं म्हणणं प्रत्येक टप्प्यावर ऐकायला हवं असंही सांगितलं. यातलं काहीच तिच्या बोलीत तिच्यापर्यंत पोचत नाही. ते पोचवणारा वकील तालुक्याच्या कोर्टात हवा.

रस्ता ठाऊक असेलच. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दे. नांदेडला, तुझ्याच जिल्ह्यात, लॉ कॉलेज आहे. सनद, म्हणजे वकील म्हणून नोंदणी, मिळाली तरी वकिली करत राहायला बार कौन्सिलची परीक्षा पास व्हावी लागते. न्यायाधीश व्हायचं मनात आलं, तर सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली हवी. खालच्या कोर्टाचं काम मराठीत चालतं, पण हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात इंग्रजी लागते. आत्तापासून वाच. सुरुवातीची वर्षं कमाई तुटपुंजी असते, हे वडिलांनाही आधीच सांग.

तोवर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत 'विधी स्वयंसेवक' म्हणून अर्ज कर. प्रशिक्षण मिळतं, काम असेल त्या दिवसाचं मानधनही. अशिलाशी कसं बोलावं हे तिथे जेवढं कळेल तेवढं वर्गात नाही कळणार.

आता मावशीचं. तिच्या केसमध्ये तू दुभाषी होऊ नकोस. घरच्या माणसानं सांगितलेल्या शब्दावर समोरचे वकील बोट ठेवणारच. तिला घेऊन सरकारी वकिलांना भेट. साक्ष तिला समजेल अशी वाचून दाखवली होती का, ते विचार. नसेल तर तिला पुन्हा बोलावून तटस्थ दुभाषी देण्याचा अर्ज त्यांच्यामार्फत करता येतो. ठरवणार कोर्टच, पण मागायला काय हरकत? शिवाय स्त्री म्हणून तिला विधी सेवेतून मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन कर, किंवा किनवट कोर्टाच्या आवारातल्या समितीच्या कार्यालयात चौकशी कर. पुढची तारीख लागण्याआधी हे उरक. सीईटीचा फॉर्म त्यानंतर भरलास तरी चालेल, फक्त शेवटची तारीख चुकवू नकोस.