रिपोर्ट नॉर्मल, मग उठताना हात का टेकावा लागतो?

प्रश्न : मी ४८ वर्षांचा असून एका सहकारी बँकेत २२ वर्षे टेबलावरचे काम करतो. वजन बेताचे आहे, साखर व रक्तदाब नॉर्मल आहेत आणि रोज सकाळी अर्धा तास चालतो. तरीही गावच्या लग्नात पंगतीतून हात टेकल्याशिवाय मला उठता आले नाही, आणि बँकेचा जिना चढताना मांड्या भरून येतात. हे वयाचे समजावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हे वयाचे समजून सोडून देऊ नका, ४८ हे काही हात टेकून उठण्याचे वय नव्हे. रक्ताच्या तपासणीत साखर आणि चरबी कळते, पायांतली ताकद कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही करावा. आपले चालणे आठवड्याला २१० मिनिटे भरते, म्हणजे त्याचा वेग बोलता येईल पण गाता येणार नाही इतका असेल, तर पहिला भाग पुरा झाला. दुसरा मात्र कोराच राहिला आहे. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. तो येतो जिना चढताना, उकिडवे बसताना आणि जमिनीवरून उठताना, आणि बैठ्या नोकरीत नेमक्या याच हालचाली गळून जातात.

आपल्या ऑफिसातल्या खुर्चीचे हात एकदा निरखून पाहा. पुढच्या टोकाला रेक्झिन झिजले असेल, तर दर वेळी उठताना तळव्यांनी रेटा देऊन आपण मांड्यांचे काम दंडांकडून करून घेत आला आहात, असे समजावे.

ब्रिटिश डॉक्टर व संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या मानाने सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसले. त्या कंडक्टरांचा व्यायाम कामातच होत होता. आपल्याला तो मुद्दाम करावा लागेल.

प्रथम स्वतःची परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसून हात छातीशी घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीहून कमी मानतात. आपण त्याच्या बरेच पुढे असायला हवे. मग आठवड्यातून तीन दिवस हाच व्यायाम दहा-दहाच्या तीन फेऱ्यांत करा. बसताना धपकन बसू नका, सावकाश खाली या, कारण ताकद त्या उतरण्यातही तयार होते. हे सोपे वाटू लागले की आपल्या आजोबांच्या तालमीतल्या बैठकांकडे वळा. गुडघे दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टला दाखवूनच. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठा, आणि पाण्यासाठी शिपायाला हाक न मारता स्वतः जा.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. जिना चढताना छातीवर दाब येत असेल, दरदरून घाम फुटत असेल किंवा कळ जबड्याकडे वा हाताकडे जात असेल, तर यातले काहीही सुरू न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.